वर गेलेल्या हातावरची पट्टी

मित्रांनो, फुटबॉलच्या मैदानावर एका संघातल्या अकरा जणांत एकाच्याच दंडाला एक पट्टी असते, ती तुम्ही पाहिली असेल. ती ज्याच्या हाताला, तो कॅप्टन. तशीच मी एक पट्टी आहे, आता बरीच जुनी झालेली. माझा लाल रंग गेरूसारखा फिकट पडला आहे. मधोमध एक पांढरं अक्षर टाचलेलं आहे, त्याचा एक पाय झिजून गेला आहे. तो कसा झिजला, ते पुढे येईलच.

मला स्वतःला पाय नाहीत. तरी मी जेवढी हिंडले तेवढे पायवालेही हिंडत नाहीत. एका गावात जरा स्थिरावते आहे असं वाटायच्या आत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज यायचा. इतकी वर्षं झाली, पण चेनचा आवाज ऐकला की अजून माझे टाके आवळतात.

तुमची भाषा मी उशिरा शिकले, आणि अक्षरं तर त्याहून उशिरा. हल्ली मी अमेरिकेत, नेपरव्हिलच्या इला नावाच्या मुलीच्या बॅगेत असते. इला रविवारी मराठी शाळेत लहान मुलांना शिकवायला मदत करते. एकदा बॅग उघडी राहिली होती. बाईंनी फळ्यावर इंग्रजी के काढला आणि त्याच्याशेजारी आपला क. तेव्हा कुठे मला कळलं, की इतकी वर्षं मी अंगावर काय घेऊन फिरते आहे.

पण ते म्हातारपणी. माझा जन्म फार लांबचा. स्लोव्हाकिया नावाच्या लहानशा देशात, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथं मोज्यांचा कारखाना होता, आणि कारखान्याचा फुटबॉल संघ होता. मार्गिताबाई त्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायच्या. त्यांचा मुलगा ओंद्रेय लुप्ताक, उंच आणि काटकुळा, त्या संघाचा कॅप्टन झाला. क्लबची पट्टी त्याच्या बारीक दंडावर राहीना. धावता धावता ती घसरून मनगटावर यायची, आणि हा ती वर ओढत बसायचा.

"खेळ सांभाळ की रे! बाही काय सांभाळतोस?" मार्गिताबाई वैतागून म्हणाल्या. त्यांनी मोज्याच्या गळ्याला लावायचं चिवट इलॅस्टिक घेतलं, वर लाल कापड घातलं, त्याच्या डाव्या दंडाचं माप घेतलं आणि दुहेरी शिवण मारली. कॅप्टनचं अक्षर, त्यांच्या भाषेत ते के, त्यांनी हातानं टाचलं.

"आता ही हाताबरोबरच निघेल," त्या म्हणाल्या. "आणि धुवायला माझ्याकडेच आणायची. गरम पाण्यात घातलीस तर बघ!"

अशी मी मैदानात उतरले.

ओंद्रेय बचावपटू होता. मित्रांनो, गोल करणाऱ्याचं नाव सगळं गाव घेतं. गोल होऊ न देणाऱ्याचं नाव फक्त त्याचा गोलकीपर घेतो, तेही मनातल्या मनात. पण ओंद्रेयला त्याचं काही वाटत नसे. त्याची आवडती गोष्ट होती बचावाची रेघ. तो आणि त्याच्या आजूबाजूचे तिघे एका रेघेत उभे राहायचे, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे, आणि एकदमच हलायचे.

इथं तुम्हाला ऑफसाइड सांगायला हवं. चेंडू पुढे टाकला जातो त्या क्षणी समोरचा खेळाडू आपल्या बचावाच्या रेघेच्याही मागे, गोलजवळ जाऊन उभा असेल, तर तो ऑफसाइड. त्याचा गोल धरत नाहीत. म्हणून हुशार बचावपटू चेंडू सुटायच्या आत सगळे मिळून एक पाऊल पुढे येतात, आणि समोरचा बिचारा मागे एकटा पडतो. मग कॅप्टन हात वर करतो, लाइन्समनचा झेंडा वर जातो, रेफरीची शिटी वाजते. पण ही चाल चौघांनी एका श्वासात केली तरच साधते. एक जण जरी मागे राहिला, तरी फसली.

ओंद्रेयची ती सहसा फसत नसे. त्याचा डावा हात वर गेला की झेंडा जणू दोरीनं बांधल्यासारखा वर जायचा. त्या हाताबरोबर मीही वर जायचे. काय रुबाब होता माझा! पुढे त्याला मोठ्या शहरातल्या क्लबनं बोलावलं, देशाच्या सगळ्यात वरच्या गटात खेळणाऱ्या. मीही गेले. चिखल, बर्फ, घाम, सगळं अंगावर घेतलं. महिन्यातून एकदा गावी जाऊन मार्गिताबाईंच्या हातून गार पाण्यात धुतले जायचे. त्या वेळी मला वाटायचं, वर जाण्यासाठीच आपला जन्म आहे.

मग ती मॅच आली.

हंगामातली शेवटची. बरोबरी झाली तरी क्लब वरच्या गटात टिकणार होता. हरलो तर खालच्या गटात जाणार. शिटी वाजायला थोडाच वेळ उरला होता. समोरून लांब चेंडू आला. ओंद्रेय ओरडला, रेघ पुढे सरकली, त्यानं हात वर केला आणि तो थांबला.

झेंडा वर गेला नाही. उजव्या टोकाचा गडी दमून एक पाऊल मागेच राहिला होता. त्या एका पावलामुळे समोरचा खेळाडू नियमात बसला. तो चेंडू घेऊन पळत सुटला, आणि ओंद्रेयपासून तो लांब नव्हता. दोन ढांगांत सापडला असता. पण ओंद्रेय हात वर करून लाइन्समनकडे बघत उभा राहिला. मागे जाळं हललं, तेव्हाही माझा हात वरच होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. मागे गोल होतो आहे, आणि पुढे एक उंच माणूस हात वर करून उभा आहे. फोटोच्या बरोबर मध्यभागी मी.

त्यानंतर तो पाव घ्यायला दुकानात गेला, की रांगेतली माणसं एकेक हात वर करायची. बोलायचं कोणी नाही, नुसते हात. एकदा ट्राममध्ये एक म्हातारा उठून म्हणाला, "बसा कॅप्टन, उभं राहून दमला असाल." सगळे हसले. ओंद्रेय पुढच्याच थांब्यावर उतरला. त्या आठवड्यात बॅगेची चेन ओढल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

त्या दिवसापासून, मित्रांनो, ओंद्रेय कधी खाली बसला नाही.

दुसऱ्या देशात तो थोडं खेळला, गुडघा गेला, मग मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य कोच, झाला. चांगला मॅनेजर होता, हे मी सांगते, कारण मी सगळ्या मॅचना हजर होते. दंडावर नाही, कोटाच्या खिशात. मॅनेजरसाठी बाक असतो, त्यावर तो बसत नसे. मैदानाच्या कडेच्या रेघेनं इकडून तिकडे, तिकडून इकडे फेऱ्या मारायचा, आणि खिशात अंगठ्यानं माझं अक्षर घासायचा. अक्षराचा पाय झिजला तो असा.

त्याचे संघ कमी गोल खायचे. एक लहान क्लब त्यानं वरच्या गटात नेला, तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. पण लागोपाठ दोन मॅच हरल्या की तो अस्वस्थ व्हायचा. दुसऱ्यांनी जा म्हणायच्या आत हा निघायचा. बचावपटूच तो, चेंडू सुटायच्या आत पाऊल पुढे. भाड्याच्या खोल्यांतली कपाटं रिकामी आणि बॅग भरलेली. मार्गिताबाई गेल्या तेव्हाही आम्ही परक्या गावात होतो. त्यानंतर मला धुतलं नाही कोणी.

शिकागोत त्याचा एक मावसभाऊ होता. तो म्हणाला, इकडे ये, इथं मुलांना फुटबॉल शिकवणारे हवे आहेत. अशी मी अमेरिकेत आले. इथं या खेळाला सॉकर म्हणतात आणि आईबाप घडीच्या खुर्च्या घेऊन मैदानावर येतात. इथं संघ खालच्या गटात गेला म्हणून कोणी पावाच्या रांगेत हात वर करत नाही. तरी ओंद्रेयची चाल थांबली नाही. एक हंगाम मिलवॉकी, एक इंडियाना, एक शॉमबर्ग. मग नेपरव्हिलच्या एका लहान क्लबनं त्याला मुलींचा संघ दिला.

त्या संघाची कॅप्टन इला. तीही बचावपटू. तिचा आवाज असा, की पलीकडच्या मैदानावरचे लोकही एक पाऊल पुढे येतील. तिचे बाबा निमिष मूळचे नागपूरचे, ऑफिसात शांत, मैदानाच्या कडेला मात्र अजिबात नाही. "इला, मागे! अगं मागे! कव्हर कर यार!" मग ओंद्रेय चालता चालता म्हणायचा, "सर, कोच कोण, तुम्ही की मी?" हे सगळं इंग्रजीत चालायचं, मी तुम्हाला मराठीत सांगते आहे.

तिची आई शरयू थर्मासमधून आल्याचा चहा आणायची. पहिला कप ओंद्रेयला.

"बसा ना कोच, बसून घ्या."

"मॅच झाल्यावर."

मॅच झाल्यावरही तो उभ्यानंच प्यायचा आणि कप परत देऊन गाडीकडे चालू लागायचा. शरयू नवऱ्याला म्हणायची, "या माणसाच्या पायाला चाकं आहेत का रे?"

गेल्या वसंतात संघ स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचला. बर्फ वितळून मैदान ओलं होतं. बरोबरी चालू होती. समोरून लांब चेंडू आला. इला ओरडली, रेघ पुढे सरकली, एक मुलगी मागे राहिली. इलानं हात वर केला आणि ती थांबली.

खिशात ओंद्रेयची मूठ माझ्यावर इतकी आवळली, की मला वाटलं आता शिवण उसवते. झेंडा वर गेला नाही. जाळं हललं.

मॅच संपल्यावर इला त्याच्याकडे आली. तिच्या दंडावर क्लबची विकतची पट्टी होती, चिकटणारी. ती तिनं चर्रकन ओढून काढली.

"कोच, आय ॲम डन. शनिवारी मी येणार नाही."

शनिवारी तिसऱ्या क्रमांकासाठीची मॅच होती.

"कोच, सांगा ना तिला काहीतरी," निमिष म्हणाले.

ओंद्रेयनं हात पुढे केला. त्यानं ती पट्टी घेऊन पँटच्या खिशात कोंबली. दुसऱ्याच दिवशी त्यानं ओहायोतल्या एका क्लबला फोन केला. ते त्याला कधीपासून बोलावत होते. चेनचा आवाज आला.

निघता निघता त्याला गाडीच्या मागच्या सीटवर इलाचं जॅकेट दिसलं. ती ते बाकावर विसरली होती आणि त्यानं उचलून गाडीत टाकलं होतं. दारात देऊन निघू, असं म्हणून तो तिच्या घरी गेला. पण त्याला हे घर माहीत नव्हतं. शरयूच्या दारातून कोणी नुसतं निघून जात नाही.

"आत या. चहा टाकलाय."

स्वयंपाकघरात तो उभाच राहिला. इला वरून खाली आली नाही. चहा घशात अडकला, ठसका लागला, खिशातून रुमाल काढला, आणि रुमालाबरोबर मी जमिनीवर पडले. कोणाच्या लक्षात आलं नाही. तो निघून गेला. थोड्या वेळानं शरयूनं मला उचललं.

"या पोरीचे हेअरबँड! जिथं जावं तिथं पडलेले!" असं म्हणून तिनं मला कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकलं, आणि तिथून ड्रायरमध्ये.

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ प्रवास केला, पण तो सगळ्यात वाईट. जागा एकच आणि नुसतं गरगर, गरगर. मार्गिताबाई म्हणाल्या होत्या गरम पाण्यात घालू नको. इथं तर तापलेली हवा! माझ्या इलॅस्टिकचा जीव त्या गरगरण्यात गेला. बाहेर आले तेव्हा मी उकडलेल्या भाजीच्या पानासारखी लोळत होते.

ओंद्रेय अजून ओहायोला पोचला नव्हता. पेट्रोल भरताना त्यानं खिशात हात घातला असणार. तो परत आला, दार वाजवलं आणि थेट आत येऊन स्वयंपाकघरातली जमीन बघू लागला. मी मशीनवर, वाळलेल्या कपड्यांच्या ढिगावर पडले होते.

"ती," तो म्हणाला. "ती माझी आहे."

इला आवाज ऐकून खाली आली होती. "ओ माय गॉड, आई! तू कोचची पट्टी ड्रायरमध्ये टाकलीस?"

"मला काय माहीत? मला वाटलं तुझा हेअरबँड! तू पसारा केला नसतास तर झालं असतं का हे?"

"कोच, आय ॲम सो सॉरी," निमिष म्हणाले. "आपण ऑनलाइन नवीन ऑर्डर करू. उद्या येईल."

"माझ्या आईनं शिवलेली आहे," ओंद्रेय म्हणाला.

शरयूनं मला दोन्ही हातांत घेतलं, उलटं केलं, शिवण पाहिली. "कापड धड आहे," ती म्हणाली. "शिवणीला काही झालेलं नाही. इलॅस्टिक तेवढं गेलंय. बसा. मी घालून देते."

तो बसला नाही. तिनं शिवण बोटभर उसवली, जुनं इलॅस्टिक ओढून काढलं, नव्याच्या टोकाला सेफ्टी पिन लावली आणि परकरात नाडी ओवावी तशी ती माझ्यातून ओवायला लागली. इला खिडकीतून बाहेर बघत होती.

"कोच, गाडीत बॅग का आहे? कुठे चाललात?"

"ओहायोला."

"पण शनिवारी मॅच आहे!"

"तू तर येणार नव्हतीस."

"मी सोडू शकते. तुम्ही कोच आहात!"

निमिष हसायला लागले होते, बायकोनं डोळे वटारल्यावर थांबले. ओंद्रेय मात्र हसला नाही. खिसा रिकामा होता, अंगठ्याला घासायला काही नव्हतं. तो बोलायला लागला. लांब चेंडू, पुढे आलेली रेघ, वर गेलेला हात, वर्तमानपत्रातला फोटो, पावाची रांग. मी कित्येक वर्षं त्याच्या खिशात होते. ही गोष्ट त्यानं कोणाला सांगितलेली मी ऐकली नव्हती.

इला जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती.

"दोन ढांगा," तो शेवटी म्हणाला. "पळालो असतो तर कदाचित सापडला असता, कदाचित नसता. ते मला कधीच कळणार नाही."

"मग पुढच्या मॅचला काय झालं?" इलानं विचारलं.

"पुढची मॅच मी खेळलो नाही. मी देश सोडला."

"आणि मी मात्र खेळायचं?"

सेफ्टी पिन माझ्या दुसऱ्या टोकातून बाहेर आली. शरयूनं मान वर केली.

"आता माप द्या. कोणाच्या हाताचं घेऊ?"

ओंद्रेयनं आपल्या डाव्या दंडाकडे पाहिलं. मग इलाकडे.

"तिच्या."

"मी येते असं म्हटलेलं नाही," इला म्हणाली.

"मीही राहतो असं म्हटलेलं नाही."

"अरे, माप तर घेऊ द्या!" शरयू म्हणाली. "भांडण नंतर करा. हात पुढे कर गं."

इलानं हात पुढे केला.

शनिवारी ती आली. तोही आला, पण बॅग गाडीतच होती, हे मला माहीत होतं. मॅचनंतर तो कुठल्या बाजूला गाडी वळवणार, ते मला माहीत नव्हतं. वारं बोचरं होतं, आईबाप खुर्च्यांवर पांघरुणं घेऊन बसले होते. इतक्या वर्षांनी मी पुन्हा दंडावर होते. माझं नवं इलॅस्टिक घट्ट होतं, आणि इलाच्या नाडीचे ठोके मला लागत होते. ओंद्रेय रेघेच्या कडेनं फेऱ्या मारत होता, खिशात रिकामी मूठ घालून.

एक एक अशी बरोबरी. शेवट जवळ आला. आणि लांब चेंडू आला.

इला ओरडली. रेघ पुढे सरकली. डावीकडची मुलगी मागे राहिली. इलाचा दंड माझ्याखाली हलला, कोपर खांद्याच्या उंचीपर्यंत गेलं.

मी काही केलं असं म्हणणार नाही. पट्ट्या काही करत नसतात. पण ते कोपर तिथून खाली आलं, आणि ती वळून पळत सुटली. चिखल उडाला. समोरची मुलगी पुढे, इला मागे, एक ढांग, दुसरी ढांग. तिनं अंग झोकून दिलं. बुटाचं टोक चेंडूला लागलं. चेंडू खांबावर आपटला, आणि आत गेला.

हो मित्रांनो, गोल झाला. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

इला चिखलात पालथी पडली होती. मग तिनं डोकं वर करून कडेला पाहिलं, जिथं तो नेहमी चालत असायचा. तिथं कोणी नव्हतं. ओंद्रेय लुप्ताक शरयूच्या शेजारी, निमिषच्या घडीच्या खुर्चीत बसला होता. लांब पाय पसरून, दोन्ही हात मांडीवर टाकून, शिटी वाजायच्या आधीच. निमिष बिचारे मागे उभे होते.

इला उठली. जाळ्यातून चेंडू काढला, काखेत मारला आणि मध्यरेघेकडे धावत सुटली. "चला! वेळ आहे अजून!"

वेळ फारसा नव्हता. आम्ही हरलो. तो उठला नाही, उलट म्हणाला, "चहा आहे का?" आणि बसून प्यायला, कप रिकामा होईपर्यंत.

ओहायोला त्यानं फोन करून नाही म्हटलं. पुढच्या रविवारी निमिषनं त्याला एक कपाट त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत चढवायला मदत केली आणि कंबर धरून घरी आले. "इतकं जड कपाट कशाला लागतं एकट्या माणसाला?" ते कण्हत म्हणाले. शरयू म्हणाली, "कोट टांगायला."

आता मी इलाकडे असते. माझ्यात दोन जणींची शिवण आहे. एक मार्गिताबाईंची, बोटभर सोडून अजून घट्ट, आणि एक शरयूची, बोटभर. मित्रांनो, तुमच्या घरात कोणीतरी हातानं शिवलेली एखादी वस्तू असेल, तर ती नुसती खिशात घासत ठेवू नका. वापरा, आणि सैल झाली तर पुन्हा ओवून घ्या. मैदानात असाल तर झेंड्याकडे नंतर बघा, आधी पळा. चेंडू सापडेलच असं नाही. पण पळालात, तर मॅचनंतर बसता येतं.

आणि मला गार पाण्यात, हातानं धुवा. ड्रायरमध्ये मात्र नको, कृपा करून.